अण्णांच्या डोक्यातले रस्ते

त्या काळात सोलापूरच्या स्टँडवरून ज्यांनी ज्यांनी एसटी पकडली, त्यांनी माझ्या वडिलांना ऐकलं आहे; पाहिलं मात्र फार थोड्यांनी. अण्णा कंट्रोलर होते. जाळीच्या खिडकीआड, माइकसमोर त्यांची खुर्ची. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. तिऱ्हे, कामती, बेगमपूर, माचणूर मार्गे मंगळवेढ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे." यातलं ‘लागली आहे’ ते असं काही ओढून आणि खाली उतरवून म्हणत, की झोपलेला माणूससुद्धा पिशवी चाचपून उठायचा. लहानपणी मला वाटायचं, गाडी ड्रायव्हर आणत नाही, अण्णांचा आवाज आणतो. घरी आल्यावर मात्र ते फारसं बोलत नसत. आई म्हणायची, "समदं बोलनं स्टँडवर सांडून येत्यात, घरला नुसतं रिकामं पोतं."

आमचं घर पूर्व भागात, दोन खोल्यांचं. शेजारी नरसाक्कांचं घर. ते तेलुगू विणकर. त्यांच्या पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम होते आणि दोन्ही घरांची मधली भिंत एकच. दिवसभर ती भिंत थरथरायची आणि आमच्या फळीवरचे पेले एकमेकांना लागून बारीक किणकिणत राहायचे. पाहुण्यांना त्याचा त्रास व्हायचा, आम्हाला नाही. उलट वीज गेली आणि माग थांबले की आम्ही दचकून एकमेकांकडे पाहायचो. आई मंगळवेढ्याकडची. तिच्या माहेरून दर साली ज्वारीचं पोतं यायचं आणि ती पातळ, कडक भाकरी करून टोपल्यात रचून ठेवायची. शेंगाची चटणी उखळात इतकी कुटायची की तेल सुटून बोटांना लागायचं. अण्णा आधी एक भाकरी चटणी-दह्याशी खात, मग दुसरी आमटीत चुरून. हा क्रम मी त्यांना कधी मोडताना पाहिला नाही.

माघातल्या एका सकाळी अण्णा दाढीला बसले होते. अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल कोरडा. आईनं चहा विचारला. त्यांनी रेझर वर धरला आणि म्हणाले, "लागली."

"कुटं लागलं? रगात तर दिसंना."

"लागली," अण्णा पुन्हा म्हणाले, आणि मग स्वतःच्याच तोंडाकडे आरशात असे बघत राहिले, जसं आत दुसरंच कुणी बोलतंय. तेवढ्यात उजवा हात मांडीवर पडला. आई ओरडली. भिंतीपलीकडचे माग थांबले आणि नरसाक्कांची माणसं धावत आली.

दवाखान्यातून ते परत आले तेव्हा पाय बराच सुधारला होता, उजवा हात अधू होता आणि बोलणं गेलं होतं. अगदी गेलं म्हणता येत नाही. एक शब्द उरला होता, ‘लागली’. हजारो वेळा उच्चारलेला तो शब्द तेवढा जिभेवर राहिला आणि बाकीचे सगळे कुठल्यातरी दाराआड अडकले. डॉक्टर म्हणाले, मेंदूच्या डाव्या बाजूला बोलण्याचं ठिकाण असतं, तिथं रक्त पोचलं नाही. हळूहळू येईल, नाहीही येणार. याला वाचाघात म्हणतात हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की पाणी हवं तरी ‘लागली’, नको तरी ‘लागली’. सुरुवातीला त्यात थोडी गंमतही होती, कारण आपल्या भाषेत काय काय लागत नाही! आई एकेक विचारत जायची. "भूक लागली? तान लागली? थंडी लागली? का माजी नजर लागली?" अण्णा हसायचे. पण रोज दहा वेळा तेच झाल्यावर हसणं आटलं. येणारे लोक बहिऱ्याशी बोलावं तसं त्यांच्याशी ओरडून बोलत आणि मग त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी हळू आवाजात. अण्णांना दोन्ही ऐकू येत असे.

माझे काका, अण्णांचे धाकटे भाऊ, कुंभारीला शेती करायचे. दर आठवड्याला सायकलवर भाजीची पिशवी अडकवून यायचे. अण्णांनीच त्यांना खांद्यावर बसवून वाढवलेलं. त्यांचा जीव होता भावावर. म्हणूनच एके दिवशी ते जे बोलले ते मला जास्त लागलं.

"वैनी, आता खरं ते बोलायला पायजे. दादाचं डोकं ऱ्हायलं न्हाय. तुमी तिगंबी कुंभारीला चला. आणि ह्या कमलचं लगीन उरकून टाकू. एक स्थळ हाय, बरं हाय. तिला कालिजात घालून काय करायचंय आता?"

अण्णा तिथंच खाटेवर होते. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. आईनं पदर डोळ्यांना लावला, पण काकांना नाही म्हणाली नाही. तिच्याही मनात तेच येऊन गेलं असणार. आणि माझ्याही, हे आज कबूल करायला हवं. माझ्यासमोर तो माणूस बसलेला असताना मी वडील गेल्यासारखी रडत होते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. स्थळाची मंडळी श्रावणानंतर येणार होती, तोवर जा म्हणून आईनं मला पाठवलं. मी त्या वर्षी मानसशास्त्र घेतलं ते काही आवडीनं नव्हे. त्याचे तास सकाळी असायचे आणि मला दुपारी अण्णांजवळ थांबता यायचं. शिकवायला हिरेमठ बाई होत्या. अक्कलकोटकडच्या, घरी कानडी बोलणाऱ्या. स्टार्चची सुती साडी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी वर जाणारा सूर.

त्यांचा एक तास मला अजून शब्दाशब्दानं आठवतो. त्या म्हणाल्या, "मी एक शब्द सांगते. डोळ्यांसमोर पहिलं काय आलं ते सांगायचं. पक्षी." बहुतेक सगळ्यांनी चिमणी सांगितली, कुणी कावळा, कुणी पोपट. "कोंबडी कुणालाच आठवली नाही? तीपण पक्षीच आहे की. काल रात्री तुमच्यातल्या कितीजणांनी खाल्ली असेल!" वर्ग हसला. मग त्यांनी समजावून सांगितलं की मन पक्ष्यांची व्याख्या पाठ करून ठेवत नाही, एक ठळक नमुना ठेवतं आणि बाकीचे पक्षी त्याच्या जवळ-लांब बसवतं. अशा त्या गटालाच संकल्पना म्हणायचं. "आता ही चिमणी तुमच्या डोक्यात कशाच्या रूपानं बसलीय, सांगा बघू? तीन अक्षरं म्हणून? चित्र म्हणून? चिवचिव म्हणून? की लहानपणी हातातून भुर्रकन उडाली, ती धडधड म्हणून?" सगळ्या रूपांनी, त्या म्हणाल्या. एकच गोष्ट मन अनेक जागी, अनेक तऱ्हांनी ठेवतं, आणि शब्द ही त्यातली फक्त एक तऱ्हा.

मी उभी राहिले. कधी नव्हे ते. "बाई, शब्द गेला तर चिमणीपण जाते का?"

वर्ग पुन्हा हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "कुणाचा गेला?"

तास संपल्यावर त्यांनी मला बसवून घेतलं. मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही हं, उपचाराचं मला काही कळत नाही. पण तू घरी काय करतेस ते सांग." मी सांगितलं, मी रोज एकेक वस्तू त्यांच्यासमोर धरते आणि विचारते, हे काय? काल त्यांनी बशी फेकून दिली. बाई म्हणाल्या, "ज्याची किल्ली हरवलीय त्याला तू रोज कुलूप दाखवतेस. रागावणार नाहीत तर काय? नाव सोडून विचार. त्यांना जे येत असेल ते विचार."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाटेजवळ चटईवर वस्तू मांडल्या. कुलूप, किल्ली, चमचा, पेला, साबण, रेझर, माझ्या वेणीची फीत, फणी. काहीच विचारलं नाही, नुसती एक जोडी लावून दाखवली आणि पुन्हा मोडली. अण्णांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खाली सरकून डाव्या हातानं कुलपाजवळ किल्ली सरकवली, फणीवर फीत टाकली. आणि साबण, रेझर आणि पेला असे तिन्ही एकत्र ठेवले. माझं तोंड उतरलं. पेला चमच्याकडे जायला हवा होता, भांड्यात भांडं. मागून आई म्हणाली, "अगं, त्या पेल्यातच त्यांना दाडीचं ऊन पानी देतीया की मी. इतकी वर्सं."

मी शाळेच्या पुस्तकाप्रमाणे वस्तूंचे गट लावत होते, ते आपल्या आयुष्याप्रमाणे. आईनं त्याच वेळी उठून त्या पेल्यात गरम पाणी आणलं, आरसा लावला. सहा महिने न्हावी घरी येत होता. त्या दुपारी अण्णांनी डाव्या हातानं स्वतःची दाढी केली. हनुवटीला दोनदा कापलं. "लागली," ते म्हणाले, आणि तो शब्द इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच जागेवर पडला म्हणून आम्ही तिघंही हसलो. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आज तू मला शिकवलंस बघ." असं म्हणणारी शिक्षिका मला त्या वयात भेटली, हे माझं नशीब. पुढे तीसेक वर्षं मी हाच विषय शिकवला. एखाद्या मुलीनं वेगळंच उत्तर दिलं की खोडण्याआधी मी विचारायचे, असं का वाटलं तुला? ही सवय माझी नाही, बाईंची.

मग रोज काहीतरी सापडत गेलं. एकदा आई सुपात ज्वारी निवडत होती आणि मी गमतीनं नाकात बोलून सुरुवात केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावे. सोलापूरहून..." आणि खाटेवरून आवाज आला, तो जुना, भरलेला आवाज: "तिऱ्हे, कामती, बेगमपूर, माचणूर मार्गे मंगळवेढ्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर लागली आहे." आईच्या हातातलं सूप पडलं. नरसाक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. "देवा! बोलले वो!" आम्ही वेड्यासारख्या त्यांच्याभोवती जमलो. अण्णा, पाणी म्हणा. अण्णा, कमल म्हणा. "लागली," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाईंनी मला सांगितलं की इतक्या वेळा घोकलेलं वाक्य म्हणजे एक साखळी असते. पहिली कडी ओढली की सगळी येते, पण मधली एक काढून हातात घेता येत नाही. "त्यांना छळू नका त्यासाठी," त्या म्हणाल्या. आम्ही छळलं नाही. पण आईला आवाज ऐकावासा वाटला की ती कधी कधी हळूच म्हणायची, "प्रवाशांनी लक्ष द्यावे," आणि ऐकून घेऊन पुन्हा भाकरी थापायला लागायची.

सांडलेल्या त्या ज्वारीनंच पुढची वाट दाखवली. काही दिवसांनी अण्णा आपण होऊन आईसमोर बसले, सुपातली मूठभर ज्वारी घेतली आणि शहाबादी फरशीवर दाणे ओळीनं मांडू लागले. एक ओळ वर गेली, एक डावीकडे, एक खाली. ओळींना फाटे फुटले. फाट्यांवर त्यांनी शेंगांची टरफलं ठेवली. आईनं वाकून पाहिलं, एका ओळीवरून पुलांच्या जागा मोजत बोट नेलं आणि एका टरफलावर ठेवलं. "ही सीना, ही भीमा... अगं बाई, हे तर माजं म्हायेर!" अण्णांनी जोरानं मान हलवली, आणि त्या टरफलाच्या जागी एक अख्खी शेंग ठेवली. सगळा जिल्हा त्यांच्या डोक्यात तसाच होता, एक पूल, एक फाटा इकडचा तिकडे न झालेला. आज माझी नात फोनवर बोट फिरवून कुठलाही रस्ता काढते. मला त्याचं कौतुक आहेच. पण फोनला तो रस्ता ठाऊक असतो असं माझं मन अजून मानत नाही.

हे सगळं काकांना आम्ही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लेकराचा ख्योळ हाय त्यो. बरं वाटतंय तर ख्योळू द्या." स्थळाकडची मंडळी भाद्रपदात येणार असं ठरलं.

आणि भाद्रपदातच एका सकाळी मंगळवेढ्याच्या पहिल्या गाडीच्या कंडक्टरनं निरोप आणला: आबा, म्हणजे आईचे वडील, फार आजारी आहेत, आजच या. काका त्या दिवशी आमच्याकडेच होते. त्यांनी ठरवलं, आई आणि मी निघायचं, अण्णांना ते कुंभारीला नेतील. पण अण्णा ऐकेनात. त्यांनी चपला घातल्या आणि दारात उभे राहिले. शेवटी आम्ही चौघंही स्टँडवर आलो. आभाळ निरभ्र होतं, ऊन लख्ख. गाडीला तासभर होता. अण्णांचे जुने सोबती येऊन खांद्यावर हात ठेवून जात होते. अण्णा मात्र कुणाकडे बघत नव्हते. बाकावर बसून त्यांची नजर गाड्या आत येतात त्या फाटकावर लागलेली होती. ते मधेच घड्याळाकडे पाहायचे, पुन्हा फाटकाकडे.

गाडी सातवर लागली. लोक चढले. आईनं पिशवी उचलली आणि अण्णांनी तिचा दंड धरला.

"सोडा की हो. आबा वाट बगत असत्याल."

"लागली. लागली!" त्यांचा आवाज चढला. लोक वळून पाहायला लागले. आई गाडीच्या पायरीशी, अण्णा तिला मागे ओढताहेत, आणि काका भावाची बोटं एकेक करून सोडवताहेत. "दादा, आरं काय करतुयास? सोड तिला. तिचा बाप मरतुय तितं!" कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. आई रडायला लागली.

मला आजही त्या क्षणाचं आश्चर्य वाटतं. मी भित्री मुलगी होते. पण ‘त्यांना जे येत असेल ते विचार’ हे बाईंचं वाक्य कानात होतं, आणि मी काकांना म्हणाले, "काका, थांबा. ते काहीतरी सांगतायत."

"काय सांगतुय त्यो? एकच तर शबुद हाय त्याला!"

मी पिशवीतून वही काढली, शेवटचं पान उघडलं, मधोमध एक गोल काढून म्हणाले, "अण्णा, हे सोलापूर." आणि पेन्सिल त्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी ओढली ती सरळ रेघ नव्हती, पण मला कळत होती. तिऱ्हे. कामती. बेगमपूर. तिथं त्यांनी आडवी नागमोडी रेघ काढली, नदीची. पूल दाखवला. आणि मग तो पूल पेन्सिलीनं इतका खोडला की कागद फाटला. फाटकाकडे बोट केलं, घड्याळाकडे केलं, रिकामा तळहात पालथा केला. दोनदा.

तेव्हा कळलं. तासाभरात मंगळवेढ्याहून दोन गाड्या यायला हव्या होत्या. त्या आल्या नव्हत्या. स्टँडवरच्या शेकडो माणसांत, जे आलं नाही ते फक्त त्यांना दिसलं होतं, कारण तिथं कधी काय यायला हवं हे सगळं त्यांच्या डोक्यात मांडलेलं होतं.

मी पान घेऊन खिडकीकडे पळाले. अण्णांच्या जागी आलेले कंट्रोलर भले गृहस्थ होते. त्यांनी पान पाहिलं, बाहेर अण्णांकडे पाहिलं, आणि फोन उचलला. बराच वेळ लाइन लागेना. शेवटी कामतीहून कुणीतरी बोललं. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. इकडे थेंब नाही आणि तिकडे भीमा चढली होती. दोन-अडीच तासांपूर्वीच पूल पाण्याखाली गेला होता आणि दोन्ही काठांना गाड्या उभ्या होत्या.

मी परत आले तेव्हा अण्णांनी त्याच पानावर दुसरी रेघ काढून ठेवली होती. वर पुण्याच्या हमरस्त्यानं मोहोळ सोडून मोडनिंबपर्यंत, तिथून डावीकडे वळून, उंच पुलावरून नदी ओलांडून पंढरपूर, आणि मग खाली मंगळवेढा. मोहोळहून जवळचा फाटा होता, पण त्यावर त्यांनी ओढ्याची खूण करून काट मारली होती. आणि मग स्वतः उठून, पाय ओढत, आईला पुण्याच्या गाडीच्या फलाटावर घेऊन गेले. काका पिशवी घेऊन मागून चालले होते.

आम्ही चौघं तीन गाड्या बदलून दिवेलागणीला पोचलो. आबा शुद्धीत होते. त्यांनी आईला ओळखलं, तिच्या हातून पाणी प्याले, आणि "ज्वारी मिळाली का गं औंदाची?" एवढं विचारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. नदी त्यानंतर दोन दिवसांनी उतरली. आई पुढे आयुष्यभर कुठल्याही बाईला हे सांगताना एकच वाक्य वापरायची: "आमच्या ह्यांनी पोचीवलं मला." त्या वाक्यात आजारपण नसायचं.

अण्णा त्यानंतर अकरा वर्षं जगले. काही शब्द परत आले. पहिला आला तो ‘चहा’, माझं नाव बऱ्याच उशिरा. वाक्यं शेवटपर्यंत आली नाहीत. हिरेमठ बाईही आता नाहीत. मला जे थोडंफार कळतं ते या दोघांमुळे, आणि त्यातला एक माणूस बोलू शकत नव्हता. पण मला जी गोष्ट लिहून ठेवायची आहे ती त्या प्रवासाच्या पंधराएक दिवसांनंतरची.

रविवार होता. काका आले. नेहमीसारखी भाजी आईकडे दिली, पण नेहमीसारखे आईशी बोलत बसले नाहीत. सरळ अण्णांच्या समोर चटईवर मांडी घातली. खिशातून त्या स्थळाच्या मुलाचा फोटो काढून खाली ठेवला. मग मला म्हणाले, "कमल, तुजं त्ये मनाचं पुस्तक आन." मी आणलं. त्यांनी ते फोटोशेजारी ठेवलं, दोन्हींच्या कडा नीट जुळवल्या आणि भावाकडे पाहिलं. आवाज हळू होता, ओरडून नव्हे.

"दादा, तुजी लेक हाय. मी आपलं परस्पर ठरवत हुतो, चुकलं माजं. आता तू सांग."

अण्णांनी फोटो उचलला. घाई केली नाही. उजेडाकडे धरून पाहिला, मुलाचा चेहरा पाहिला, मागची बाजू पाहिली. परक्याच्या मुलाचा मान राखावा तसा तो काकांच्या खिशात परत ठेवला आणि डाव्या हातानं, जमेना तरी पुन्हा पुन्हा लावून, खिशाचं बटण लावलं. मग पुस्तक घेऊन माझ्या मांडीवर ठेवलं आणि त्यावर एकदा थोपटलं.

काका उठले, आतल्या दारापर्यंत गेले आणि चुलीपाशी बसलेल्या आईला म्हणाले, "वैनी, त्या लोकांना मी कळवतो. दादा न्हाय म्हनतोय."

सात महिन्यांत अण्णा काही म्हणाले, असं आमच्या घरात पहिल्यांदाच कुणी म्हटलं होतं.